गाडी मधूनच सेल्फ घेत नाही: बॅटरी बदलूनही बिघाड परत येतो तेव्हा

हेळवाकला चहाला थांबलो, दहा मिनिटांनी येऊन चावी फिरवली आणि बोनेटखालून फक्त एक ‘टक्’. हेडलाइट झगझगीत, हॉर्न खणखणीत, डॅशबोर्डवरचे दिवे जागच्या जागी. सेल्फ मात्र ढिम्म. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून आलेली गाडी, इंजिन तापलेलं, मागच्या सीटवर आई. हॉटेलातल्या दोघा पोरांनी धक्का मारला, सेकंड गिअरमध्ये क्लच सोडला तेव्हा कुठे गाडी सुरू झाली. कराड येईपर्यंत इंजिन बंद करायची हिंमत झाली नाही. तिथलं काम आटोपून तीन तासांनी भीतभीत चावी फिरवली, तर पहिल्याच झटक्यात चालू.

वर्षभरातली ही पाचवी वेळ होती. तोवर मी नवी बॅटरी घेतली होती, ती वॉरंटीत देऊन दुसरी आणली होती, सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटार) उतरवून त्यात नवे कार्बन (मोटारीला करंट पोचवणारे, घासून झिजणारे तुकडे) आणि बुश (दांडा ज्यात फिरतो त्या कड्या) घातले होते. दर वेळी तीन-चार आठवडे गाडी शहाण्यासारखी वागायची आणि मग पुन्हा ‘टक्’. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा हा सगळा कारभार चालला होता. बिघाड शेवटी सापडला तो बॅटरीच्या ट्रेखाली, बोटाच्या पेराएवढ्या एका कनेक्टरमध्ये. तो कसा सापडला ते सविस्तर लिहितो, कारण हे दुखणं जुन्या गाड्यांना सर्रास असतं आणि त्यावर बॅटरी बदलण्याचा उपाय त्याहून सर्रास.

दोन वाटा, एक जाड आणि एक बारीक

सेल्फच्या पाठीवर एक नळकांडं बसलेलं असतं, तो सोलेनॉइड. चावी फिरवली की एका बारीक वायरीतून त्याच्या कॉइलला करंट मिळतो, आतला दांडा खेचला जातो, तो सेल्फचं छोटं गिअर फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या टोकाच्या जड चाकाच्या) दातेरी रिंगवर ढकलतो आणि शेवटी आतले दोन जाड तांब्याचे कॉन्टॅक्ट जोडतो. ते जोडले गेले की बॅटरीचा खरा करंट मोटारीत शिरतो. छोट्या पेट्रोल गाडीतही तो शंभर अँपिअरच्या घरात असतो.

म्हणजे वाटा दोन. जाड वाट: बॅटरीचा प्लस, जाड केबल, सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट, मोटार, इंजिनचं अंग, अर्थिंगची पट्टी (इंजिन आणि बॉडी जोडणारी तारेची पट्टी) आणि परत बॅटरीचा मायनस. बारीक वाट: बॅटरी, फ्यूज, चावीचा स्विच, काही गाड्यांत क्लचचा किंवा न्यूट्रलचा स्विच आणि रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच), मग सोलेनॉइडची बारीक पिन. पुष्कळ गाड्यांच्या वायरिंग नकाशात या पिनेला ५० नंबर असतो, जाड प्लसला ३० आणि अर्थला ३१. रिलेवरचे ८५, ८६, ८७ हे आकडे त्याच जर्मन पद्धतीतले. एकदा डोक्यात बसले की नकाशा पटकन वाचता येतो.

(‘सेल्फ’ हा शब्द सेल्फ-स्टार्टरमधला. चार्ल्स केटरिंगने तयार केलेला विजेवरचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला. त्याआधी इंजिन पुढून हँडल मारून जागं करायचं. जुन्या जीपला आणि अँबेसेडरला आपल्याकडेही ते हँडल लागायचं. हेळवाकला त्या दिवशी त्याची फार आठवण झाली.)

कुठली वाट अडली आहे, हे निम्मं कानानेच कळतं. ‘टकटकटकटक’ असा लागोपाठ आवाज आला तर बहुधा बॅटरी उतरलेली असते किंवा तिचं टर्मिनल ढिलं असतं: कॉन्टॅक्ट जोडला जातो, मोटार करंट ओढते, व्होल्टेज कोसळतं, दांडा सुटतो, व्होल्टेज परत येतं, दांडा पुन्हा खेचला जातो. ‘ऊं… ऊं…’ करत जड फिरत असेल तर बॅटरी, केबल, अर्थिंग किंवा सेल्फचे बुश. नुसती मोटार ‘घुर्रर्र’ फिरते आणि इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स (सेल्फचं ते छोटं गिअर आणि त्याचा क्लच) किंवा रिंगचे दात. एकच दणदणीत ‘ठक्’ म्हणजे दांडा पूर्ण गेला, पण मोटार फिरली नाही. आणि एकच मऊसर ‘टक्’ म्हणजे दांडा अर्ध्यावरच दमला. माझी गाडी मऊसर ‘टक्’ करत होती आणि मी ते ‘ठक्’ समजून सेल्फ खोलून बसलो. हा फरक कानाला कळायला मला वर्ष लागलं.

काहीच आवाज नसेल तर आधी बारीक वाट तपासा. गाडी ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’ऐवजी ‘एन’मध्ये टाकून पाहा, क्लच पूर्ण दाबा, डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझरने (चोरीविरोधी यंत्रणेने) चावी ओळखलेली नाही, दुसरी चावी लावा. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीत ब्रेकचा स्विच आणि रिमोटचा सेल. सेल्फचा रिले असेल तर बहुतेक गाड्यांत त्याच आकाराचा हॉर्नचा रिले शेजारी सापडतो, पिना आणि नंबर तेच असतील तर अदलाबदल करून पाहायला काही खर्च येत नाही.

माझी चूक: वायर काढून मोजली

आता मीटर. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर, हातातली अंगठी आणि धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. बॅटरीचा प्लस आणि बॉडी यांच्यात अंगठी सापडली तर ती बोटातच लाल होते. मोजताना इंजिन मधेच सुरू होऊ नये म्हणून पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून ठेवायचा.

बॅटरी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. पण हा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. सेल्फ मारत असताना तोच आकडा ९.६ च्या खाली जाता कामा नये. माझ्या बॅटरीचा सकाळचा आकडा १२.६ आणि सेल्फ मारताना १०.५. म्हणजे बॅटरी उत्तम होती. पहिलीही बहुधा उत्तमच होती. हे मोजायला दोन मिनिटं लागतात, आणि दोन बॅटऱ्या झाल्या तरी कुणी मोजलं नव्हतं. मीही नाही.

मग मी सोलेनॉइडची बारीक वायर उपसली, तिच्या टोकाला मीटर लावला, चावी फिरवली. १२.१ व्होल्ट! वायर ठीक आहे, म्हणजे सेल्फच गेला, असा निष्कर्ष काढून सेल्फ उतरवला. इथेच फसलो. डिजिटल मीटर नावालाही करंट ओढत नाही. एकच तार शिल्लक राहिलेल्या सडक्या वायरीच्या टोकालाही तो बारा व्होल्ट दाखवेल. पाणी न वाहणाऱ्या नळाला प्रेशर पूर्णच दिसतं. पाइप चोंदलाय का हे नळ सोडल्यावर कळतं.

आमच्या ओळखीचे एक म्हातारे वायरमन आहेत, सत्तरीचे. ते मीटर वापरत नाहीत. त्यांनी ५५ वॉटचा हेडलाइटचा बल्ब त्या वायरीला लावला, तो लख्ख पेटला. “वायर चांगली आहे, दादा,” ते म्हणाले. त्यांचं अनुभवाचं शस्त्रसुद्धा इथे थोडं अपुरं पडलं. ५५ वॉटचा बल्ब साडेचार अँपिअर ओढतो. सोलेनॉइडची कॉइल पहिल्या झटक्याला त्याच्या कितीतरी पट. साडेचार अँपिअरला वाटेत एक व्होल्ट गळला तर बल्बच्या उजेडात डोळ्याला फरक जाणवत नाही. वीस अँपिअरला त्याच जागी साडेचार व्होल्ट गळतात आणि कॉइल दांडा ओढू शकत नाही. म्हणून वायर जागेवर ठेवून, चावी धरलेली असताना, पिनेवरच मोजायचं. दुसरी पद्धत नाही.

अर्थिंग सापडलं, आणि तरीही

हेळवाकनंतर मी जाड वाटेपासून सुरुवात केली. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर, दुसरं सेल्फच्या अंगावर. बायकोला चावी धरायला बसवलं. खांबावर म्हणजे शिशाच्या खांबावरच, वरच्या क्लॅम्पवर नाही, नाहीतर क्लॅम्पमधला दोष मोजमापातून निसटतो. सेल्फ फिरत असताना ०.९ व्होल्ट दिसले, म्हणजे तेवढे त्या वाटेतच गळत होते. इथे ०.२ पेक्षा जास्त दिसू नये. प्लसच्या बाजूने बॅटरीचा खांब ते सेल्फचा जाड बोल्ट, तिथे ०.३. सगळी केबल धरून अर्ध्या व्होल्टच्या आत असलं की चालतं.

मीटर ओहमवर ठेवून रेझिस्टन्स मोजला तर हे का सापडत नाही, ते हिशोबाने बघा: ०.९ व्होल्ट आणि दीडशे अँपिअर म्हणजे रेझिस्टन्स फक्त ०.००६ ओहम. साध्या मीटरच्या दोन वायरींचाच रेझिस्टन्स याहून कितीतरी जास्त असतो.

अर्थिंगची पट्टी गिअरबॉक्सच्या बोल्टपासून बॉडीला जाते. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा ही गाडी अर्ध्या चाकापर्यंत पाण्यात उभी होती, आणि ती पट्टी त्याच उंचीवर. बोल्ट काढला तर थिंबलखाली (पट्टीच्या टोकाच्या कडीखाली) तपकिरी पापुद्रा. दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने चकचकीत केले, नवी पट्टी लावली, वरून पेट्रोलियम जेली. आकडा ०.१ वर आला, सेल्फ पूर्वीपेक्षा जोरात फिरायला लागला. मी जिंकल्यासारखा हात धुतले.

दीड महिन्याने गुहागरहून परत आलो, फाटक उघडायला इंजिन बंद केलं, आणि ‘टक्’.

या वेळी मात्र मला चक्क आनंद झाला. गाडी दारात नांगी टाकून बसली होती, मीटर घरात होता आणि इंजिन तापलेलं होतं. शिवाय एक तयारी आधीच केलेली होती, ती त्या वायरमन काकांनी सुचवलेली: पट्टी बदलली तेव्हाच सोलेनॉइडच्या बारीक पिनेवरून एक लांब पातळ वायर, छोटा फ्यूज घालून, वर बोनेटजवळ आणून टोक टेपने गुंडाळून ठेवलं होतं. अधूनमधून येणाऱ्या बिघाडाला याच्याइतकी गुणकारी युक्ती मला माहीत नाही. बिघाड हजर असताना कशालाही हात न लावता मोजता येतं. बहुतेक वेळा आपण आधी वायरी हलवून बघतो, गाडी चालू होते आणि पुरावा नाहीसा होतो.

“अहो, आणखी किती वेळा फिरवायची?” आतून आवाज आला. सात-आठ वेळा, मधे विश्रांती देत. दर वेळी तीन सेकंद, जास्त नाही.

बॅटरीच्या खांबांवर १२.१. सोलेनॉइडच्या पिनेवर ७.४. चार दशांश सात व्होल्ट वाटेतच गायब. स्टिअरिंगखालचं कव्हर उघडून चावीच्या स्विचच्या मागे टाचणी खुपसली: स्विचमध्ये शिरताना ११.८, बाहेर पडताना १०.७. स्विचमध्ये १.१ व्होल्ट गळत होते, जुन्या स्विचचे कॉन्टॅक्ट झिजले की होतं तसं. पण ३.३ अजून पुढे कुठेतरी होते. स्विच आणि सोलेनॉइड यांच्यामध्ये एकच कनेक्टर होता, बॅटरीच्या ट्रेखाली. त्याच्या अलीकडे १०.६, पलीकडे ७.५.

बॅटरी उचलली, ट्रेचे तीन बोल्ट काढले. कनेक्टरचं पांढरं प्लॅस्टिक एका बाजूने चहासारखं तपकिरी झालेलं. आत हिरवी पूड, आणि पिनेला धरून वायरीच्या चार-पाच तारा उरलेल्या, बाकीच्या हाताला लागताच भुगा झाल्या. वर्षानुवर्षं बॅटरीतून ओघळलेल्या आम्लाचं आणि पुराच्या पाण्याचं हे काम.

तेव्हा कोडं सुटलं की बॅटरी बदलल्यावर गाडी महिनाभर नीट का चालायची. बॅटरी उचलली की ट्रे हलायचा, ट्रेखालचा कनेक्टर हलायचा, पिनेवरची हिरवी पूड थोडी खरवडली जाऊन कॉन्टॅक्ट तात्पुरता सुधारायचा. सेल्फ उतरवला तेव्हाही आधी बॅटरी काढावीच लागली होती. म्हणजे माझा प्रत्येक चुकीचा उपाय योगायोगाने योग्य जागी धक्का देत होता आणि मी त्याचं श्रेय नव्या पार्टला देत होतो.

गरम इंजिनलाच का, याचंही उत्तर इथेच आहे. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. घाट चढून आल्यावर सायलेन्सरच्या शेजारी बसलेला सोलेनॉइड थंड असतानापेक्षा साठेक अंशांनी तापला असेल तर त्याच्या कॉइलचा रेझिस्टन्स जवळपास पावपट वाढतो. थंड कॉइल ७.४ व्होल्टवर कशीबशी दांडा ओढते. तापलेली ओढत नाही. तीन तासांनी ती निवते आणि गाडी ‘आपोआप’ दुरुस्त होते.

दुरुस्तीत कनेक्टर कापून टाकला, वायरीचा काळा पडलेला भाग शुद्ध तांबं लागेपर्यंत मागे छाटला, नवी पिन क्रिम्प करून (वायरीवर दाबून बसवून) वर गरम केल्यावर आकुंचणारी नळी चढवली. नुसती टेप गुंडाळू नका, आपल्या पावसात टेपच्या आत पाणी साठतं. शिवाय या गाडीला मूळचा सेल्फचा रिले नाही, सगळा करंट चावीच्या स्विचमधून जातो. म्हणून ४० अँपिअरचा चार पिनांचा साधा रिले बसवला. स्विचकडून येणारी जुनी वायर ८६ ला, ८५ ला बॉडीचं अर्थिंग, ३० ला बॅटरीवरून ३० अँपिअरचा फ्यूज घालून जाड वायर, आणि ८७ वरून सोलेनॉइड. आता झिजक्या स्विचला फक्त रिलेची चिमुकली कॉइल चालवायची आहे. ज्या गाडीला मूळचा रिले आहे तिथे हा दुसरा बसवू नका. असलेला आणि त्याचा सॉकेट बघा.

माझ्या गाडीत नव्हतं, तुमच्या गाडीत असू शकेल

पिनेवर दहाच्या वर व्होल्ट येतात, दणदणीत ‘ठक्’ होतं आणि मोटार फिरत नाही: चावी धरलेली असताना सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांमध्ये मीटर लावा. बॅटरीइतके व्होल्ट दिसले तर आतले कॉन्टॅक्ट जळलेले आहेत. जवळजवळ शून्य दिसलं आणि मोटारीच्या बोल्टवर बारा आहेत, तर कार्बन किंवा आर्मेचर (मोटारीचा आतला फिरणारा भाग). पान्याच्या दांड्याने सेल्फच्या अंगावर हलकी टिचकी मारल्यावर चालू होत असेल तर कार्बन संपत आले आहेत; ती टिचकी घरी पोचण्यापुरती.

प्लसच्या केबलवर ड्रॉप (वाटेत गळणारे व्होल्ट) मोजला आणि शून्य आला म्हणून केबल चांगली असं समजू नका, आधी मोटार फिरत होती का ते बघा. करंट वाहत नसेल तर सडक्या केबलवरही ड्रॉप शून्यच येतो.

अर्थिंगचा संशय असेल आणि मीटर नसेल तर जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या एखाद्या उघड्या लोखंडी हुकाला. लगेच सेल्फ लागला तर दोषी सापडला. दुसऱ्या गाडीकडून चार्ज घेताना मात्र काळ्या केबलचं शेवटचं टोक उतरलेल्या बॅटरीवर न लावता तिच्यापासून लांब इंजिनच्या धातूवर लावा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगी तिथेच पडते.

आणि गाडी पाण्यात बुडाली असेल, इंजिनात पाणी शिरल्याची शंका असेल, तर यातलं काहीही करू नका. चावी फिरवू नका, धक्का तर मुळीच मारू नका. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. टो करून न्या, प्लग काढायला लावा.

बोनेटच्या आतल्या बाजूला मी आता एक लॅमिनेट केलेला कागद चिकटवून ठेवलाय. त्यावर गाडी नीट असतानाचे, इंजिन गरम असताना घेतलेले आकडे आहेत: सेल्फ मारताना बॅटरी १०.६, सोलेनॉइडची पिन १०.३, अर्थिंग ०.१, प्लसची केबल ०.३. ती लांब पातळ वायरही अजून बोनेटजवळ आहे, टोकाला टेप गुंडाळून.